तिरुमलरावांना कळवले आहे

ज्याने आयुष्यात एकदा तरी लोकांना काही फुकट वाटलं आहे, त्याला मिलिंद खांबेट्यांचा संताप समजावून सांगावा लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. लग्नाचं जेवण फुकट असतं म्हणून मठ्ठ्यात मीठ कमी असल्याची तक्रार कुणी सोडून देत नाही. उलट विकतच्या जेवणाला लोक जरा बेताने नावं ठेवतात, कारण तिथे आपणच पैसे मोजलेले असतात आणि मूर्ख ठरायची भीती असते. खांबेटे गेली कित्येक वर्षं सगळ्या जगाला मठ्ठा वाढत होते आणि जग त्यांना मीठ कमी असल्याचं कळवत होतं.

हा मठ्ठा म्हणजे 'दवंडी'. दवंडी हे सॉफ्टवेअरच्या पोटात घालायचं सॉफ्टवेअर आहे. कुठलाही मोठा प्रोग्राम चालत असताना स्वतःशी पुटपुटत असतो: आता फाइल उघडली, आता गिऱ्हाईक आलं, आता गिऱ्हाईक गेलं, आता माझं काही खरं नाही. प्रोग्राम कोसळला की मागून शहाणी माणसं हे पुटपुटणं वाचून काय घडलं ते शोधतात. त्याला म्हणतात लॉग, आणि ते पुटपुटणं वेळच्या वेळी, योग्य त्या आवाजात करवून घेण्याचं काम दवंडी करते. खांबेटे सांगलीहून नोकरीसाठी म्हैसूरला आले तेव्हा त्यांना कन्नड येत नव्हतं, लग्न झालेलं नव्हतं आणि रविवार फार लांबलचक असायचे. त्या रविवारांत त्यांनी दवंडी लिहिली आणि जगासमोर उघडी ठेवली. कुणीही घ्या, वापरा, हवी तशी बदला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर निदान लष्कर लहान असावं. इथे लष्कर वाढतच गेलं, आणि प्रत्येक शिपायाला भाकरी आपल्याच मापाची हवी होती.

ब्राझीलच्या एकाला ती फार जाड वाटायची, जर्मनीतल्या एकाला फार पातळ. "तातडीचे" असं लिहून येणाऱ्या पत्रांत तातडी नेहमी त्यांची असायची आणि रजा खांबेट्यांची जायची. आणि मग एक दिवस कुणा परक्या देशातल्या, नावाऐवजी मांजराचं चित्र लावणाऱ्या माणसाने लिहिलं की एवढ्या वापरातल्या वस्तूला धड डॉक्युमेंटेशन नसावं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि हे कुठल्या बेजबाबदार माणसाचं काम आहे ते कळेल का.

बेजबाबदार हा शब्द खांबेट्यांना जेवणात खडा लागावा तसा लागला. ज्यांच्या घरात गॅसचा रेग्युलेटर रात्री दोनदा तपासला जातो, जे स्कूटरच्या विम्याची मुदत बायकोच्या वाढदिवसाच्या आधी लक्षात ठेवतात, त्यांना बेजबाबदार म्हणणारा हा मांजर कोण? विभावरी, म्हणजे त्यांची बायको, विमा कचेरीत तक्रार विभागात होती. तिच्या मते अशा माणसाला "आपले पत्र मिळाले" एवढं लिहून गप्प बसायचं असतं, कारण तक्रार करणाऱ्याला उत्तर नको असतं, पोच हवी असते. हा सल्ला शहाणपणाचा होता. म्हणूनच तो कुणी ऐकला नाही.

खांबेट्यांनी रजा टाकली आणि डॉक्युमेंटेशन लिहायला बसले. कुवेंपुनगरातल्या त्यांच्या श्रीनिधी अपार्टमेंटमध्ये ही बातमी दुपारपर्यंत पसरली. समोरच्या नागरत्नाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी येऊन सांगितलं की काहीही लिहायचं तर प्रश्नोत्तराच्या रूपात लिहावं, महत्त्वाचं अधोरेखित करावं आणि शेवटी स्वाध्याय द्यावा, नाहीतर मुलं लक्ष देत नाहीत. असोसिएशनचे सेक्रेटरी व्यासराज जिन्यात भेटले आणि सगळ्या जगाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या माणसाच्या इमारतीत पाण्याचा हिशेब अजून वहीत ठेवावा लागतो, ही विसंगती त्यांनी कुणाचंही नाव न घेता बोलून दाखवली.

हॉलमध्ये टीव्ही आणि बेडरूममध्ये झोप येत असल्यामुळे खांबेट्यांनी स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या बाल्कनीत टेबल टाकलं. पान झकास जमत होतं. दवंडी चार आवाजांत ओरडते: सगळ्यात हळू माहिती, त्यावर इशारा, त्यावर चूक, आणि सगळ्यात वर सर्वनाश. हे चार आवाज समजावून देणारं, कुठल्याही गाढवाला कळेल असं पान ते लिहीत असताना वरून पाणी आलं.

थेंब थेंब नव्हे, चांगला लोट आला. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि खांबेट्यांची बाल्कनी बरोबर तिच्याखाली. कीबोर्ड भिजला, कागद भिजले, खांद्यावर टाकलेला टॉवेल तेवढा त्याच्या कामाला आला. इमारतीत पाण्याच्या मोटरीचं खातं तळमजल्यावरच्या तिरुमलरावांकडे होतं. वीज खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ, घराणं तीन-चार पिढ्या म्हैसुरातलं, घरात मराठी, दारात कन्नड. मोटरीच्या खोलीची किल्ली ते जानव्याला बांधून वागवत आणि रोज सकाळी आंघोळीनंतर, पूजेच्या आधी, मोटर लावत. त्या दिवशी मोटर लावून तिरुमलराव गायब. घराला कुलूप, फोन बंद. शेवटी व्यासराजांनी मोटरीच्या खोलीची कडी उचकटवली, तोवर खांबेट्यांच्या बाल्कनीत पोहण्याची सोय झाली होती.

संतापात कुणी शिव्या देतं, कुणी भांडी आपटतं. खांबेट्यांनी दुसरा कीबोर्ड जोडला आणि डॉक्युमेंटेशन पुढे लिहिलं. चूक ह्या आवाजाचं उदाहरण हवंच होतं. त्यांनी लिहिलं, इंग्रजीत अर्थात, पण अर्थ असा: "चूक: तिरुमलरावांनी मोटर चालू ठेवली. टाकी वाहते आहे." लिहिल्यावर इतकं बरं वाटलं की हात थांबेना. "इशारा: नागरत्नाबाई सल्ला द्यायला येत आहेत." "माहिती: व्यासराज येऊन गेले. काहीही घडले नाही." आणि सर्वनाशाला: "असोसिएशनची सभा सुरू झाली आहे." मग ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी हीच वाक्यं घातलेली एक तयार नमुना फाइल त्यांनी दवंडीबरोबर ठेवून दिली. ही फाइल उचलावी, वाक्यं काढून आपापली घालावीत आणि कामाला लागावं. 'आपापली घालावीत' हे ठळक अक्षरांत होतं, त्याखाली नागरत्नाबाईंच्या सल्ल्यानुसार रेघही होती.

त्यानंतर तक्रारी एकदम कमी झाल्या. लोक वाचतात, फक्त त्यांना नीट लिहून द्यावं लागतं, असं खांबेटे विभावरीला ऐकवू लागले. माणसाने एवढं समाधानी होऊ नये. लोक वाचत नव्हते. लोक फाइल उचलत होते, आणि जशीच्या तशी ठेवत होते.

तिरुमलरावांची नात शरण्या कडकोळच्या एका औषधांच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायची. तिथे लसी ठेवायची थंड खोली होती. खोलीचं तापमान वाढू लागलं की प्रोग्रामने दवंडीमार्फत ओरडावं आणि ते ओरडणं ऐकून भोंगा वाजावा, अशी व्यवस्था एका कंत्राटदाराने करून दिलेली. एक दिवस भोंगा वाजला, शरण्याने पडदा बघितला, तर तिथे आपले आजोबा मोटर चालू ठेवत होते. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली आणि तिने घरी फोन करून ही गंमत आजोबांना सांगितली. पोरीचा हेतू वाईट नव्हता.

तिरुमलराव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना चढून आले. गुडघ्यामुळे ते सहसा वर येत नसत. धोतर, पांढरा शर्ट, हातात छापील कागदांची गड्डी. नातीकडून त्यांनी अख्खं डॉक्युमेंटेशन छापून आणलं होतं. खांबेट्यांच्या पायाखालची वाळू सरकली, आणि तशाही अवस्थेत त्यांच्या मनात एक लाजिरवाणा विचार येऊन गेला की हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला हा पृथ्वीवरचा पहिला मनुष्य.

"मी सगळं वाचलो," तिरुमलराव म्हणाले. "छान लिहिलात. आठव्या पानावर एक आकृती उलटी आहे, ती स्वल्प बघा. आता मला सांगा, हे किती ठिकाणी आहे?"

खांबेट्यांनी उगाच चष्मा पुसला आणि सांगितलं की नक्की सांगता येणार नाही, पण बऱ्याच.

"परदेशात पण?"

"परदेशातच जास्त."

तिरुमलरावांनी कागद गुडघ्यावर सरळ केले. "त्या दिवशी बेट्टदपुरहून फोन आला होता. माझा थोरला भाऊ गेला. फोन ठेवलो, हिला घेतलो, बस पकडलो. मोटर राहिली. परत आलो तेव्हा तुम्ही कोणी काही बोललात नाही, मला वाटलं कळलं असेल सगळ्यांना. चूक झाली, मी नाही म्हणत नाही. पण माझी एकदा झाली, खांबेटे. तुमच्या ह्याच्यात ती रोज होते."

खांबेट्यांना शरम वाटली. आणि शरम वाटायला लागली की त्यांना राग यायचा, हा त्यांचा जुना रोग. भाऊ गेल्याचं आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही म्हणून ते इमारतीवर चिडले, विचारलं कसं नाही म्हणून स्वतःवर चिडले, आणि ठळक अक्षरात लिहूनही वाक्य न बदलणाऱ्या सगळ्या जगावर तर ते इतके चिडले की तिरुमलरावांना निरोप देताना त्यांचा आवाज चढला. नाव काढतो, म्हणाले, उद्याच्या उद्या काढतो, शब्द देतो.

पण गड्डी खाली जाताना प्रत्येक मजल्यावर थांबत गेली होती. दुसऱ्या दिवशी नागरत्नाबाई आल्या. आपण सल्ला द्यायला येतो हे जगाला कळल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, त्यांचा आक्षेप वेगळा होता. पस्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला नुसता इशारा आणि तळमजल्यावरच्यांना चूक, म्हणजे त्यांच्याहून एक पायरी वर, हे कोणत्या निकषावर? खांबेट्यांनी वरची पायरी म्हणजे जास्त वाईट हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मग सर्वनाशाला जागा रिकामी आहे का.

व्यासराज आले नाहीत. ज्याच्याबद्दल "काहीही घडले नाही" असं पाच खंडांत लिहिलं गेलं आहे, असा माणूस दार ठोठावत नाही. तो सभा बोलावतो.

सभा रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरली. व्यासराजांनी दवंडीचं पान वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये, मग खांबेट्यांच्या सोयीसाठी मराठीत. मग म्हणाले की त्यांचा कुणावर वैयक्तिक रोख नाही, परंतु पाण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा झाल्याचं आंतरराष्ट्रीय स्तरावर लेखी आलेलं आहे, आणि लेखी आलेल्या गोष्टीकडे असोसिएशनला डोळेझाक करता येत नाही. सबब मोटरीवर आपोआप चालू-बंद होणारं यंत्र बसवावं आणि किल्ली जमा करून घ्यावी.

खांबेटे उठून उभे राहिले. ते नुसतं उदाहरण आहे, ते म्हणाले, उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे.

"म्हणजे खोटं लिहिलात?" व्यासराजांनी विचारलं.

खोटं नाही, खांबेटे म्हणाले, पण खरंही एकदाच, आणि तेही अशा कारणाने की... इथे त्यांनी तिरुमलरावांकडे बघितलं. तिरुमलरावांनी मान हलवली, नको म्हणून. चार माणसांत भावाच्या मरणाचा दाखला देऊन किल्ली राखायची त्यांची इच्छा नव्हती. खांबेट्यांची तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि ती ओकायला जागा मिळेना. ते एवढंच म्हणाले की हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. तेव्हा व्यासराजांनी शांतपणे विचारलं की मग चोर कोण, ते सांगा, नोंदवून घेतो.

ठराव मंजूर झाला. तिरुमलरावांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, जानव्याची गाठ सोडली आणि किल्ली व्यासराजांच्या टेबलावर ठेवली. गाठ सोडायला वेळ लागला, कारण ती कधी सोडायची म्हणून बांधलेलीच नव्हती. "आयतु," म्हणाले, म्हणजे झालं. आणि खुर्ची स्वतः उचलून जागेवर लावून घरी गेले.

त्यानंतर तिरुमलरावांची सकाळ मोडली. आंघोळ आणि पूजा यांच्यामध्ये जो रिकामा तुकडा उरला त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. ते मोटरीच्या खोलीपर्यंत जात, दाराकडे बघत आणि परत येत. खांबेटे ऑफिसला निघताना हे रोज बघत आणि रोज स्कूटरची किक जास्त जोरात मारत. स्कूटरला बटण होतं.

त्यांनी शब्द दिला होता, तो पाळला. दवंडीची नवी आवृत्ती काढली, डॉक्युमेंटेशनमधून आणि नमुना फाइलमधून तिरुमलरावांचं नाव काढून टाकलं आणि तिथे "काहीतरी चूक झाली आहे" असं कुणाच्याही वाटेला न जाणारं वाक्य घातलं. नागरत्नाबाई आणि व्यासराजांनाही काढलं. काम झालं म्हणून ते त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

आणि जग पेटलं.

झालं होतं असं की दवंडी ज्यांनी ज्यांनी वापरली, त्यांनी नमुन्यातलं वाक्य तर ठेवलंच, पण आपले भोंगेही त्याच वाक्यावर बसवले. म्हणजे पुटपुटण्यात "तिरुमलराव" हा शब्द आला की भोंगा वाजवायचा. फार सोयीचा शब्द. दुसऱ्या कुठल्या कारणाने तो पोर्तुगालच्या बँकेत येण्याची शक्यता नाही. आता नवी आवृत्ती चढवली तशी तिच्याबरोबरची नवी नमुना फाइल जुनीच्या जागी बसली. चुका होत होत्या, प्रोग्राम इमानदारीने ओरडत होते, पण तिरुमलराव येत नव्हते आणि भोंगे गप्प होते. पत्रांचा पाऊस पडला. तिरुमलराव कुठे गेले? त्यांना काढायचा निर्णय कुणी घेतला? आमची सगळी यंत्रणा तिरुमलरावांवर अवलंबून आहे, त्यांना विनाविलंब परत आणा. मांजराच्या चित्रवाल्याने तर लिहिलं की तिरुमलरावांसारख्या जुन्या, भरवशाच्या घटकाला कुणालाही न विचारता हटवणं हा बेजबाबदारपणाचा कळस आहे.

खांबेट्यांनी प्रत्येकाला उत्तर लिहिलं की एक ओळ बदला, ती कशी बदलायची ते अमुक पानावर आहे. प्रत्येकाने उलट लिहिलं की पान वाचायला वेळ नाही, तिरुमलराव पाठवा. शेवटी त्यांनी एक सणसणीत पत्र लिहून काढलं: तुमचे कारभार एका म्हाताऱ्याच्या दुःखाच्या दिवशी झालेल्या चुकीवर चालतात, याची तुम्हाला लाज वाटली पाहिजे, मी नाव परत घालणार नाही, काय करायचं ते करा. विभावरीने ते वाचलं, चांगलं आहे म्हणाली आणि पाठवू नका म्हणाली.

तेवढ्यात शरण्याचा फोन आला. कारखान्यातल्या थंड खोलीचं तापमान सकाळी वाढलं आणि भोंगा वाजलाच नाही. ती योगायोगाने तिथून जात होती म्हणून निभावलं. आत लहान मुलांच्या लसी होत्या. "अंकल, आम्ही लाइन बदलू," ती म्हणाली, "पण आमच्यासारखे किती असतील, अल्लवा? नाही का?"

खांबेटे पलंगावर बसून राहिले. नाव परत घालावं तर शब्द मोडतो, न घालावं तर कुणाच्या तरी लसी नासतात. त्यांना सगळ्यांचा राग आला होता आणि त्या सगळ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचा स्वतःचा होता. मग ते खाली गेले.

तिरुमलरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या बायकोने कॉफी आणून ठेवली, ती गार झाली. तिरुमलरावांनी वीज खात्यात तक्रार कक्ष सांभाळला होता, त्यामुळे दुसऱ्याच्या घाईने त्यांना घाई होत नसे.

"त्यांना माझं नाव पाहिजे," त्यांनी विचारलं, "की माझी चूक पाहिजे?"

"नाव," खांबेटे म्हणाले. "भोंगा नावावर वाजतो. बाकीचं वाक्य कुणी बघतसुद्धा नाही."

"मग वाक्य मी देतो. नाव ठेवा."

आणि त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, आयुष्यभर हजार अर्जांवर मारलेल्या शेऱ्याच्या सुरात. खांबेट्यांनी घरी येऊन ते इंग्रजीत घातलं आणि आवृत्ती काढली. त्या दिवसापासून पोर्तुगालच्या बँकेत, कडकोळच्या थंड खोलीत आणि देव जाणे कुठे कुठे, काहीही बिघडलं की पडद्यावर येऊ लागलं: "चूक झाली आहे. तिरुमलरावांना कळवले आहे."

भोंगे वाजू लागले. पत्रं थांबली, आणि मग एक विपरीत गोष्ट घडली: आभाराची पत्रं येऊ लागली. मध्यरात्री एकट्याने सर्व्हरशी झुंजणाऱ्या माणसाला, कुणाला तरी कळवलेलं आहे, एवढ्याने फार धीर येतो असं लोकांनी लिहिलं. मांजरवाल्याने दोन ओळी लिहिल्या. तिरुमलराव परत आल्याबद्दल आनंद वाटतो; ते नसताना जो कोणी हे सांभाळत होता त्याच्यापेक्षा ते फारच चांगले आहेत. खांबेट्यांनी हे पत्र छापून तिरुमलरावांना नेऊन दिलं. एवढ्या वर्षांत दवंडीला मिळालेली ही पहिली शाबासकी आणि तीही चुकीच्या पत्त्यावर पोचली, हे दुःख त्यांनी विभावरीपाशी बोलून दाखवलं. ती म्हणाली पोच मिळाली ना, मग झालं.

तिरुमलरावांनी पत्र वाचलं, घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलं, आणि पुन्हा मोटरीच्या खोलीपर्यंत जाऊन, दाराकडे बघून, परत आले. पोर्तुगालच्या शाबासकीने सकाळ भरत नाही.

यंत्राने महिना-दोन महिने नीट काम केलं. मग एका रविवारी सकाळी टाकी भरली आणि यंत्राला ते कळलं नाही.

पाणी आधी गच्चीवर, मग खांबेट्यांच्या बाल्कनीत, मग जिन्यात आलं. खांबेटे पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून खाली धावले. मोटरीच्या खोलीसमोर व्यासराज किल्ली हातात घेऊन उभे होते. दार उघडं होतं, आत यंत्राची पेटी होती, मोटरीचं बटणही त्या पेटीतच होतं आणि पेटीवर कंपनीचं सील होतं: अधिकृत व्यक्तीखेरीज कुणीही उघडू नये, अन्यथा हमी रद्द. कंपनीचा फोन कुणी उचलत नव्हतं. खांबेटे म्हणाले, फोडा. व्यासराज म्हणाले, फोडलं तर हमी जाईल आणि ते सेक्रेटरी म्हणून त्यांच्या नावावर लागेल. यंत्राला अधिकृत व्यक्ती म्हणून नेमलेलं इमारतीत कुणीच नाही, कारण त्याची गरज पडणार नाही असं ठरावातच म्हटलं होतं. पाणी पायरी पायरी उतरत होतं. खांबेटे जे बोलले ते इथे देण्यासारखं नाही.

"तिरुमलरावांना कळवा," वरच्या कठड्यावरून नागरत्नाबाई म्हणाल्या.

खाली जमलेले सगळे तिरुमलरावांकडे गेले. तिरुमलरावांचं दार उघडं होतं. आंघोळ झालेली, पूजा व्हायची होती. खुर्चीत बसून ते कॉफी पीत होते आणि उंबऱ्याबाहेरून वाहणारं पाणी त्यांना दिसत होतं. व्यासराजांनी सगळं सांगितलं.

"कळलं," तिरुमलराव म्हणाले, आणि बसून राहिले.

व्यासराजांनी किल्ली पुढे केली. तिरुमलरावांनी तिला हात लावला नाही. "मी अधिकृत नाही," ते म्हणाले. "ठराव आहे. यंत्र नेमायला सभा घेतलात, मग मला नेमायला पण सभा पाहिजे. सुम्ने, असंच, कसं चालेल?"

व्यासराजांनी इकडेतिकडे बघितलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. ठराव नागरत्नाबाईंनी मांडला, कठड्यावरून. अनुमोदन खांबेट्यांनी दिलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. खांबेटे तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या दिवशी मोटर का राहिली होती, ते त्यांनी पाण्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. बेट्टदपुरचा फोन, भाऊ, बस. आणि ते विचारायच्या आधी जगभर लिहून टाकणारा चोर मी, तुम्ही मागच्या सभेत विचारलं होतं ना, घ्या नोंदवून. नागरत्नाबाईंनी पदराने डोळे पुसले. व्यासराजांनी नोंदवून घेतलं नाही, त्यांच्या हातातली वही केव्हाच भिजली होती.

तिरुमलराव खाली बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, किल्ली घेतली, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि ती जानव्याला बांधू लागले. सावकाश, दोन गाठी. बांधून झाल्यावर त्यांनी उरलेल्या कॉफीचा पेला उचलला.

वरून पाणी येतच होतं, आणि लवकर करा म्हणायची छाती तिथे कुणाचीही झाली नाही, खांबेट्यांचीसुद्धा.